मेंढगावचा देव कुणी नेला

मेंढगाव, ता. पाथरी
९ सप्टेंबर १९८५

रुख्मिणी,

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी वारलेलं नाही. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आत्ताही लिहिणार नव्हतो. पण गोष्ट चावडीवर गेली आहे, आणि ती तुझ्या पुस्तकामुळे गेली आहे. हे आंतर्देशीय आमचा पोस्टमास्तर उजेडाला धरून वाचतो अशी मला शंका आहे. वाचत असेल तर त्यानं इथं थांबावं.

काल खंडोबाच्या देवळात बैठक झाली. येत्या चंपाषष्ठीला देवाचा नवा चांदीचा मुखवटा बसवायचं ठरलं. तुला ठाऊक आहे, मानमोडीच्या साथीत जुना मुखवटा गेला तेव्हापासून आपल्या पालखीत नुसता नारळ बसतो. तो नारळ उचलायचा मान आपल्या घरातून काढून आबासाहेबांच्या आज्याला तात्पुरता दिला होता. तात्पुरता म्हणता म्हणता सदुसष्ट वर्षं झाली. आता नवा देव आला की मान त्यांच्याकडे कायमचा जाईल, आणि आपल्या घरावरचा डागही कायमचा होईल. माझ्यामागे कोण बोलणार आहे?

मी उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या बापानं देव चोरला न्हाई." माझा आवाज बसला होता, थंडी भरली होती. आबासाहेबांनी पिशवीतून पुस्तक काढलं.

"मग हे काय हाय, आश्रुबा? तुझ्याच पोरीनं छापलंय. वाचू का?"

आणि वाचलं. शेवटचं प्रकरण, जिथं तुझी भिवराबाई चोराच्या दंडाला धरते आणि चोर तिचाच भाऊ निघतो, पालखीचा मानकरी. लोक हसले. एक जण म्हणाला, "धनगराच्या घरात धनगरानंच पोलीस ठाणं घातलं."

भिवराबाई माझी सख्खी आत्या होती. तिच्या गोष्टी लहानपणी तुला मीच सांगितल्या. त्यावर तू पाच कादंबऱ्या लिहिल्यास, तिला निजामाच्या राज्यात गावोगाव फिरवून चोऱ्या आणि खून उघडे करायला लावलेस, त्याला माझी हरकत नव्हती. पण तिचा भाऊ म्हणजे माझा बाप. ग्यानबाचं रानबा केलं म्हणून गावाला कळत नाही का? तेव्हा मी विचारलं तर तू म्हणालीस, गोष्टीला शेवट लागतो. तुझा शेवट झाला, आमचा अजून चालूच आहे.

शिवाय एका ठिकाणी भिवराबाई कपबशीतून चहा पिते. आमच्याकडं त्या काळी चहा कुठला?

तर एका कागदावर लिहून पाठव की पुस्तकातलं सगळं खोटं आहे. खाली सही कर. चंपाषष्ठीच्या आत पाहिजे.

आश्रुबा ग्यानबा

*

४ ऑक्टोबर

रुख्मिणी,

तुझं उत्तर मिळालं. मला ते उद्धट वाटलं. कादंबरी खोटीच असते, त्यावर सही करून काय होणार, असं तू लिहितेस. दोन वेळा मी जेवलो नाही. मग सून म्हणाली, "मामंजी, पुढचं तरी वाचा." पुढं तू लिहिलं आहेस की खोटं पुसण्यापेक्षा खरं काय झालं ते शोधू, आणि तुम्हाला आठवतं ते सगळं लिहा. हे आधी लिहायला काय झालं होतं?

मला काय आठवणार? मानमोडी आली तेव्हा मी मेंढीच्या दुधावर होतो. बापानं त्या दिवसांबद्दल कधी तोंड उघडलं नाही. म्हणून कासाबाईकडे गेलो. तेव्हा लग्न होऊन आलेली, आणि आज हयात असलेली ती एकटीच आहे. अंगणात पाठ शेकत बसली होती.

"ये रे आश्रुबा. पोरीनं बापाला कामाला लावलं म्हन."

"कामाला कशाचं? मीच विचारायलोय."

"व्हय व्हय. तूच विचारायलास. बस."

तिनं सांगितलं ते असं. रोज माणसं मरत होती. लोकांनी गाऱ्हाणं घालून देवाला शिवेवर नेलं, म्हणजे रोगराई शिवेबाहेर जावी. लिंबाखाली घोंगडी अंथरली, तिच्यावर मुखवटा ठेवला, वरच्या फांदीला चांदीची छत्री टांगली. मानकरी म्हणून माझा बाप राखणीला बसला. तिथंच त्याला निरोप गेला की थोरला मुलगा गेला. थोरला म्हणजे माझा भाऊ, ज्याला मी पाहिल्याचं मला आठवत नाही. बाप उठून घरी आला. सुतक लागलं. सुतकात देवाला हात लावता येत नाही, म्हणून तो परत गेलाच नाही. पुढं लोक देव आणायला गेले तर मुखवटा नव्हता.

मी विचारलं, "आत्यानं काय केलं?"

कासाबाई हसायला लागली, हसताना खोकला लागला, मला भीती वाटली. मग म्हणाली, "भिवरा शिवेवर गेली आन् परत येऊन वेशीत बोंबलली. म्हनली, छत्री फांदीलाच हाय आन् घोंगडीची नीट घडी घातलेली हाय. चोर कधी घडी घालत बसतो का रे?"

"मग लोक काय म्हनले?"

"लोक मरायलते, बाबा. कोन ऐकायलंय बाईमानसाचं."

ही घडीची गोष्ट तुझ्या पुस्तकात नाही. मलाही कधी कोणी सांगितली नव्हती. घरी येताना माझे पाय जरा हलके पडत होते, पण लगेच वाटलं, म्हातारीचं वय पाहता ती खरं सांगते कशावरून? तू विचार करून लिही. मला झोप नाही.

आश्रुबा

ता. क. चहाचंही विचारलं. ती म्हणते वाण्याच्या घरी होता. असेल.

*

२२ ऑक्टोबर

रुख्मिणी,

तुझ्या पत्रात एकच प्रश्न. त्या दिवसांत गावात कोणाच्या घरी सुतक नव्हतं? तू विचारतेस आणि बापाला दारोदार जावं लागतं. गुडघा सुजला आहे.

तुझं म्हणणं मला पटलं. घडी घालणारा म्हणजे देवाला मानणारा, आणि देवाला मानणारा सुतकात देव उचलणार नाही. म्हणजे ज्याला सुतक नव्हतं त्यानंच उचलला. हे आत्यासारखंच बोललीस.

पण गावात काय झालं ते ऐक. घरोघर जाऊन विचारायचं की मानमोडीत तुमच्याकडे कोण गेलं होतं. माणसं चिडतात. मुंजाजी म्हणाला, "आश्रुबा, सत्तर वर्सांचे मुडदे मोजायलास का? काही सरकारी मदत आलीय का त्याची?" त्याची बायको आतून ओरडली, "आली असंल तर आमचे तीन लिहा!"

एकही घर सुटलेलं नाही. गुरवाचं नाही, पाटलाचं नाही, आबासाहेबांचं नाही, आपलं तर नाहीच. देवाला हात लावू शकेल असा माणूसच गावात नव्हता. तुझा प्रश्न संपला. आता काय करायचं? सोनाराकडं नव्या मुखवट्याची चांदी दिली सुद्धा. आबासाहेब मला रस्त्यात भेटले आणि "काय, सापडला का चोर?" म्हणाले. मी जय मल्हार म्हणून पुढं गेलो. दुसरं काय म्हणणार?

गावात सगळंच बिघडलं आहे. परवा मन्मथअप्पा वाण्याचा सख्खा भाऊ वारला. त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसवून माती दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दुकान उघडून तूरडाळ तोलत बसला! भस्म लावून, लिंगपूजा करून. सुनेला मी ती डाळ आणू दिली नाही. ती म्हणते त्यांच्यात असंच असतं. असेल, पण माणसाला काही वाटतं की नाही?

माझ्यानं आता होत नाही. सही करून तो कागद पाठव, तेवढं तरी कर.

आश्रुबा

*

३ नोव्हेंबर

रुख्मिणी,

तुला अक्कल आहे का? गावात तार पाठवतात का? तारवाला वेशीतून आला तशी सगळी आळी त्याच्यामागे रडत माझ्या दारात आली. सुनेनं भाकरी तव्यावर सोडली. पोस्टमास्तरनं वाचून दाखवलं, "मन्मथअप्पांना विचारा. लिंगायत सुतक पाळत नाहीत." बायका रडायच्या थांबल्या आणि एकमेकींकडे पाहायला लागल्या. कासाबाई म्हणाली, "मेलं कोन मग?"

मेलं कोणी नाही. डाळीची तक्रार करणारा मीच आणि तिच्यातलं न दिसणाराही मीच.

तसाच दुकानात गेलो. अप्पा म्हणाला, "का रे, डाळ बाटली हुती ना माझी?"

"अप्पा, माफ करा. एक विचारू का? मानमोडीत तुमच्या घरी कोन हुतं?"

"आज्जी एकली. बाकीचे सेलूला गेलते. आज्जी म्हनली, मी देवाला सोडून जात न्हाई. हितंच गेली ती, पौषात." मग त्यानं तराजू खाली ठेवला. "पर आमचा देव त्याच्या आधीच गेलता."

"म्हंजे?"

"आमच्या घरात सांगत्यात ना. मानमोडीत गुरू आलते भिक्षेला, गुरुलिंग स्वामी, पूर्णाकाठच्या मठाचे. आज्जीनं देव त्यांच्या झोळीत घातला. म्हनली, गावात देवाला हात लावनारं कुनी राह्यलं न्हाई, तुमी सांभाळा. आमाला वाटतं, घरातला वीरभद्र दिला आसंल. त्यापायी माझ्या बापानं पुढं नवा टाक करून घेतला."

मी विचारलं, "घरातला जुना वीरभद्र खरंच गेलता का?"

अप्पानं हात धोतराला पुसले. मग उठून आत गेला, देवघरात डबे वाजले. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर दोन टाक होते, एक नवा आणि एक झिजून गुळगुळीत झालेला. तो दिवाळीला दोन्ही पूजत आला होता आणि कधी विचार केला नव्हता.

"आश्रुबा," तो म्हणाला, "आज्जीनं दिला तो आमचा न्हवता रे."

त्याच्या पोत्यांवर बसून मी पाणी प्यालो. स्वामींचं पुढं काय झालं ते त्याला माहीत नाही. त्या वर्षी ते मठात पोचून वारले एवढंच ऐकलेलं. आणि ते गाव तर येलदरीच्या धरणात बुडालं. आता मठ तरी कुठं शोधायचा? पाण्याखाली असला तर?

दादा

*

२१ नोव्हेंबर

बाई रुख्मिणी,

हे पत्र मी मोठं लिहिणार आहे. पाकीट घेतलं आहे, तिकीट जास्तीचं लावलं आहे.

मन्मथअप्पा आणि मी काल येलदरीला जाऊन आलो. मठ बुडाला नाही. धरण झालं तेव्हा गावाबरोबर वर उठला. निघण्याआधी तुझं पत्र आलं ते बरं झालं. "देव दिसला तरी लोक पुरावा मागतील, कशावरून ओळखायचा ते आधी आठवा," असं तू लिहिलं होतंस. मी दोन दिवस तेच आठवत होतो. माझ्या बापाचं तोंड त्या दिवसांबद्दल बंद होतं, पण मानाची रीत त्यानं मला लहानपणी शिकवली होती, मेंढरांमागं फिरताना, कधी उपयोग होणार नाही हे ठाऊक असून. मुखवटा उचलायच्या आधी त्याच्या पोकळीत ओला भंडारा चेपायचा. देवाच्या पाठीला हळद लागली पाहिजे, मगच तोंडाला. हे मानकऱ्याशिवाय कोणी करत नाही, कोणी बघतही नाही.

जिंतूरच्या अलीकडं विद्यापीठाच्या नामांतरासाठी रास्ता रोको होता. पोरं रस्त्यावर बसली होती, गाडी ऊन होईस्तोवर उभी. शेजारचा माणूस वैतागून म्हणाला, "एका नावापायी किती वर्सं बसायचं मान्सानं?" मी म्हटलं, "आमी सदुसष्ट वर्सं बसलोय, बाबा." तो उठून दुसऱ्या बाकावर गेला.

मठ म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि पुढं बेलाचं झाड. आजचे स्वामी माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे. त्यांनी आम्हाला गाभाऱ्यापुढं बसवलं. आणि रुख्मिणी, समोर खांबावर तो होता. मोठे डोळे, पिळदार मिशा, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत विभूती. मी हात जोडले. पण मिशा वीरभद्रालाही असतात आणि खंडोबालाही असतात. नुसत्या मिशांवर मी काय बोलणार होतो?

"स्वामीजी, हा वीरभद्र कुठला?" अप्पानं विचारलं.

"आमच्या आजेगुरूंनी भिक्षेवरून येताना आनला. आले ते तापातच आले. झोळी खाली ठेवली, आन् बोलनं बंद झालं. शिष्यांनी झोळी उघडली, तर हे. गुरूंनी शेवटी देव आनला म्हनून आमी बसवला. का हो?"

अप्पानंच सगळं सांगितलं, आज्जी, शीव, सुतक. स्वामी ऐकत होते आणि त्यांच्या भुवया वर जात होत्या.

"म्हंजे सत्तर वर्सं आमी खंडोबाला वीरभद्र म्हनलो?"

"तसं न्हाई स्वामीजी," मी म्हटलं, "त्यो बोलला न्हाई ना काही."

स्वामी मोठ्यानं हसले. मग गंभीर झाले. "पर मी तुमचं ऐकून देव देऊ का? उद्या दुसरं गाव येईल."

"मुखवटा आतून कधी धुतलाय का?"

"आतून कामून धुवायचा? देवाच्या मागं कोन बघतो? पुढून चिंचेनं उजळतो वर्साला."

"मग आतून बघा. मी हात लावत न्हाई, तुमीच बघा."

त्यांनी मुखवटा खांबावरून सोडवला, उलटा करून उजेडात धरला. आत वर्षानुवर्षं ओघळून साचलेली विभूती चुन्यासारखी घट्ट बसली होती, पांढरी. माझे डोळे भरून आले, वाटलं संपलं. स्वामींनी बेलाच्या काटकीनं खरवडलं. पांढरा पापुद्रा सुटला, खाली आणखी पांढरा. पुन्हा खरवडलं. आणि मग त्यांच्या बोटावर पिवळं आलं.

त्यांनी बोट नाकाजवळ नेलं. अप्पाच्या नाकाजवळ नेलं. मग माझ्यापुढं धरलं.

रुख्मिणी, तो वास माझ्या बापाच्या हातांचा होता. मी मठात बसून लहान लेकरासारखा रडलो आणि अप्पा माझ्या पाठीवर थोपटत होता, ज्याची डाळ मी घरात येऊ दिली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. स्वामी म्हणतात, देव मी गावात घेऊन येतो, सुतक न लागणाऱ्या हातांनी गेला तो तशाच हातांनी परत यायला पाहिजे. पण मठ रिकामा राहतो त्याचं काय, असं ते विचारतात. आणि आबासाहेब मानतील का? मानणार नाहीत. मला माहीत आहे, मानणार नाहीत.

दादा

*

२ डिसेंबर

बाई रुख्मिणी,

थोडक्यात लिहितो, टपाल निघायलंय. काल स्वामी आले, देवळात गाव जमलं. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हळद काय, कुनीबी काल फासली आसंल. आश्रुबा येलदरीला जाऊन आलाच हाय."

मी काही बोलायच्या आत कासाबाई पुढं आली, काठी टेकत. "आबासाहेब, फासली तर ती वरती दिसंल का विभूतीच्या खाली? तुमी भाकरीवर कालवन घेता का कालवनावर भाकर?"

हशा झाला. स्वामींनी मुखवटा आबासाहेबांच्या हातात दिला, म्हणाले तुमीच खरवडा. आबासाहेबांनी खिशातली किल्ली काढली. पांढरा थर लवकर सुटेना, ते घामाघूम झाले. शेवटी एक खपली तुटून त्यांच्या धोतरावर पडली, वरून पांढरी, आतून पिवळीधमक. त्यांनी ती उचलून उलटसुलट करून पाहिली. मग किल्ली खिशात ठेवली.

"भंडारा हाय," ते म्हणाले. "जुना हाय." आणि मग, "आमच्या आज्यानं बेकसूर मानसाचा मान घेतला. चंपाषष्ठीला आश्रुबा उचलंल."

मी स्वामींच्या पायावर डोकं ठेवलं.

मग नव्या मुखवट्याचं निघालं, तो सोनाराकडं तयार होऊन पडला आहे. स्वामी म्हणाले, "त्याला मिशा हायत का?" गुरव म्हणाला हायत. "मग तो आमच्याकडं द्या. आमाला आता मिशीवाल्याची सवय झालीय." आबासाहेब स्वतः तो मठात पोचवायला जाणार आहेत. असं सगळं झालं.

तू लिहितेस की पुस्तकाचा शेवट बदलते. बदलू नकोस. लोकांनी पैसे देऊन घेतलं आहे, त्यांचा शेवट त्यांच्याकडं राहू दे. हे नवीन लिही. आणि त्यात लिही की आत्यानं घडी पाहिली तिथपर्यंत ती बरोबर होती. पुढं तिला कोणी विचारायला दारोदार जाऊ दिलं नाही.

चंपाषष्ठीला ये. जावयांना घेऊन ये. पाथरीच्या स्टँडवर बैलगाडी पाठवतो. थंडी आहे, अंगावर घ्यायला आण.

दादा

*

२३ डिसेंबर

बाई रुख्मिणी,

पोचल्याचं पत्र मिळालं. गाडीत खिडकीजवळ बसली होतीस म्हणून घसा धरला असेल. हळद घालून दूध घे. जावयांना आमच्याकडचं पाणी बाधलं नाही ना? ते संकोची आहेत, सांगणार नाहीत.

तू आलीस त्या दिवशी तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. घरात माणसं इतकी होती, आणि मला सारखं वाटत होतं की उचलताना हात थरथरेल, मुखवटा पडेल, सदुसष्ट वर्षांनी आला आणि माझ्या हातून फुटेल. तू म्हणालीस, "दादा, चांदी फुटत नाही." ते खरं आहे, पण पोचा पडतो.

तू बायकांच्या घोळक्यात लिंबाच्या पलीकडं होतीस. तिथून तुला आबासाहेब दिसले असतील, मी दिसलो नसेन, कारण हलगीवाले मध्ये होते, आणि हलगीत तुला शब्दही ऐकू आले नसतील. म्हणून शिवेवर काय झालं ते लिहितो. हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. आपल्या घरात मान असता तर ठाऊक असतं.

स्वामींनी देव माझ्या हातात दिला. मी आत भंडारा चेपला. जुना होता त्याच्यावरच नवा. मुखवटा मला वाटला त्यापेक्षा हलका होता. बापानं शिकवलं तसं मी तो कपाळाला लावला आणि पालखीपुढं उभा राहिलो. आता अशी रीत आहे की गुरव तीनदा मोठ्यानं विचारतो, "मान कुनाच्या घरचा?" आणि मानकऱ्यानं तीनदा घराचं नाव सांगायचं, मगच पालखीत देव बसतो. आबासाहेबांच्या घरानं इतकी वर्षं उत्तर दिलं, ते मी दरवर्षी मागं उभा राहून ऐकलं आणि मनात आपलं उत्तर दिलं.

गुरवानं विचारलं. मी म्हटलं, "ग्यानबाच्या घरचा!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका मोठा निघाला. लोक म्हणाले येळकोट. माझ्या डोळ्यांसमोर बाप होता, मेंढरं होती, सगळं होतं.

दुसऱ्यांदा विचारलं. "ग्यानबाच्या घरचा!" मागून कासाबाई रडायला लागली. आबासाहेबांनी डोक्याचा फेटा काढून हातात घेतला.

तिसऱ्यांदा विचारलं. मी तेच म्हणणार होतो. खंडोबाची शपथ, तेच म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "रुख्मिणीच्या घरचा!"

गुरव थांबला. बाईचं नाव त्या जागी आजवर कोणी घेतलं नव्हतं, आणि सासरी गेलेल्या लेकीचं तर नाहीच. हलगी थांबली. त्यानं पंचांकडं पाहिलं, पंचांनी आबासाहेबांकडं पाहिलं. मुखवटा माझ्या हातांत होता आणि मी तो खाली घेणार नव्हतो. आबासाहेबांनी ओच्यातला भंडारा मूठभर घेतला, वर उधळला आणि ओरडले, "सदानंदाचा येळकोट!" मग सगळं गाव ओरडलं, हलगी सुरू झाली, पिवळ्या धुळीत कोणाला काही दिसेना, आणि मी देव पालखीत बसवला.

तेव्हा तू बायकांना विचारत होतीस म्हणे, हलगी मध्येच का थांबली. त्यांना कुठलं ठाऊक असणार? म्हणून लिहिलं.

दादा